चाल कोण सांगणार?

आम्ही राहतो त्या टौरंगात बेथलेहेम आणि ज्युडिया नावाची दोन उपनगरे आहेत. आपल्या लोकांशी त्यांचा संबंध नाही, पण पाटी वाचली की आम्हांला अजून गंमत वाटते. इथे वाढलेल्या आमच्या नातीने संगीतशास्त्रात एम्. ए. करायचे ठरवले, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "हिला गळा कुठे आहे?"

गाता आले तर चांगलेच, पण या शिक्षणातले काम वेगळे. एखादे गाणे कोण म्हणतो, कोणत्या प्रसंगी, कुणाकडून शिकला, चाल कशी बदलत गेली, हे शोधायचे. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून स्वर कागदावर उतरवायचे, वृद्धांजवळ बसून विचारायचे आणि मग प्रबंध लिहायचा. मराठीत या विषयावर डॉ. अशोक रानडे यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे.

न्यूझीलंडमध्ये मर्विन मॅक्लीन हे १९५८ पासून टेपरेकॉर्डर घेऊन माओरी वस्त्यांतून हिंडले. माओरी लोक जुने गाणे मध्येच तुटणे अशुभ मानतात. म्हणून अनेक जण मिळून म्हणतात. एकाने श्वास घेतला तरी दुसरे सूर धरून असतात. म्हणणारे कमी झाले की गाणे निभत नाही. मॅक्लीन यांच्या पुढाकाराने १९७० साली ऑकलंड विद्यापीठात या गाण्यांचा ध्वनिसंग्रह उभा राहिला.

आता आपले पाहू. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले मोठे नाव. कीर्तने छापली गेली, पण पदाच्या माथ्यावर स्वर नाहीत. 'चाल' म्हणून त्या काळच्या एखाद्या माहीत असलेल्या पदाचे पहिले शब्द तेवढे दिलेले. तेव्हा ते पुरत होते. आज ते मूळ पदच कुणाला येत नाही, त्यामुळे शब्द हाती आहेत आणि चाल गेली. साकी-दिंडीचे तसे नाही. त्या आम्ही शाळेत घोकल्या, अजून म्हणता येतात.

अमेरिकेतल्या ॲना शुल्झ यांनी आधी राष्ट्रीय कीर्तनावर संशोधन केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१३ साली आले. आपली कीर्तने आणि इस्राएलमधल्या आपल्या बायकांची गाणी यांचाही त्यांनी अभ्यास केला. परक्या बाईंना जे मोलाचे वाटले, ते आम्ही मलिद्याची तयारी करताना नुसते गुणगुणत राहिलो, मुलांना शिकवले नाही.

परवा नातीने एक पद म्हणायला लावले. दोन कडवी आली, तिसऱ्याला अडलो.

वाचकहो, तुम्हांपैकी कुणाला एखादे पद येत असेल, तर शब्बाथ सोडून कोणत्याही दिवशी फोनवर मुद्रित करा. आधी आपले नाव, कोकणातले गाव आणि कुणाकडून ऐकले ते सांगा. मग जसे येते तसे म्हणा. बाजूला बसलेल्याने सुधारायला जाऊ नये. नात म्हणते, चुकलेलेही तिला हवे आहे.