पडणाऱ्यांची अनामत

कन्नडमध्ये ‘होट्टे’ म्हणजे पोट. बंगळुरूच्या रंगस्वामी यांच्या पक्षाचे हेच नाव होते आणि ते त्यांना असे चिकटले की ‘होट्टे पक्ष रंगस्वामी’ हीच त्यांची ओळख झाली. त्यांनी ८६ निवडणुका लढवल्या. जिंकली एकही नाही. सर्वाधिक निवडणुका लढवणारे उमेदवार म्हणून गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

हौशी उमेदवार या सदरात टाकून रंगस्वामींना बाजूला सारणे सोपे आहे. बरेलीचे कापडव्यापारी काका जोगिंदर सिंग ‘धरतीपकड’ हे तर तीनशेहून अधिक निवडणुका लढले आणि जप्त झालेली अनामत ही देशाच्या तिजोरीला दिलेली देणगी मानत राहिले. १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही ते होते; १,१३५ मतमूल्यासह चौथे आले. धरतीपकडांच्या उमेदवारीत मिश्किलपणा होता. रंगस्वामींचे प्रकरण मात्र थोडे वेगळे आहे. मुख्यमंत्री, इंदिरा गांधी, नरसिंह राव अशा प्रतिस्पर्ध्यांसमोर ते उभे राहत, आणि ते एकच शब्द घेऊन: पोट. ज्या शहराने आधी सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांचे आणि नंतर संगणक उद्योगाचे वैभव मिरवले, तेथे हा शब्द जरा गावंढळच वाटत असणार.

पण पुढे काय झाले? २०१३ मध्ये कर्नाटकात ‘अन्नभाग्य’ योजना आली आणि गरीब कुटुंबांना एक रुपया किलोने तांदूळ मिळू लागला. त्याच वर्षी संसदेने अन्नसुरक्षा कायदा केला. ऑगस्ट २०१७ मध्ये बंगळुरूत ‘इंदिरा कँटीन’ उघडली. पाच रुपयांत नाश्ता, दहा रुपयांत जेवण. हे रंगस्वामींमुळे घडले असे म्हणणे धाडसाचे होईल. स्वस्त तांदळाचे राजकारण आंध्रात एन. टी. रामाराव यांनी १९८३ मध्येच यशस्वी करून दाखवले होते आणि कँटीनचा नमुना चेन्नईच्या ‘अम्मा उणवगम’चा होता. तरीही ज्या विषयावर एक माणूस ८६ वेळा पराभूत झाला, तोच विषय विजेत्यांच्या जाहीरनाम्यांत मानाने जाऊन बसला, एवढे तरी नोंदवायला हवे.

अशा उमेदवारांकडे व्यवस्था कशी पाहते? बहुधा कटकट म्हणून. निवडणुकीच्या कामाला जुंपल्या गेलेल्या अधिकाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको: अर्जांची छाननी, चिन्हांचे वाटप, लांबत जाणारी मतपत्रिका. या कटकटीने १९९६ मध्ये टोक गाठले. लोकसभेच्या ५४३ जागांसाठी तब्बल १३,९५२ उमेदवार उभे राहिले. त्यांत दहा हजारांहून अधिक अपक्ष होते. निवडून आले ९. नलगोंडात ४८० आणि बेळगावात ४५६ उमेदवार होते. तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात तर १,०३३ जण उभे राहिले आणि मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली.

मात्र या गर्दीत धरतीपकड किती होते? नलगोंडाची तक्रार फ्लोराइडयुक्त पाण्याची होती, मोडकुरिचीत शेतकऱ्यांचा रोष होता आणि बेळगावचा सीमाप्रश्न मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. एरवी दिल्लीने दाद दिली नसती, म्हणून या लोकांनी निषेधाचे साधन म्हणून उमेदवारी अर्ज वापरला. त्याच उन्हाळ्यात पंतप्रधान झालेले देवेगौडा कर्नाटकचेच. त्यांच्या कारकिर्दीत लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली. लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली, म्हणजे वीसपट. अपक्षांना आणि मान्यता नसलेल्या पक्षांच्या उमेदवारांना दहा सूचक बंधनकारक झाले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला मात्र एक पुरतो. मतपत्रिकेवरही आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी उरलेले, अशी पंगत ठरली. २००९ च्या दुरुस्तीने अनामत २५,००० रुपये झाली.

१९९८ मध्ये उमेदवारांची संख्या ४,७५० वर आली, तेव्हा औषध लागू पडल्याचे समाधान सर्वत्र व्यक्त झाले. ते फार टिकले नाही. २०२४ मध्ये पुन्हा ८,३६० उमेदवार होते आणि त्यांपैकी सुमारे ८६ टक्क्यांची अनामत जप्त झाली. २०१९ मध्ये निजामाबादला हळद उत्पादक शेतकऱ्यांनी अर्जांचा पाऊस पाडला. अनामत २५,००० असूनही रिंगणात १८५ जण राहिले, त्यांसाठी खास मतदान यंत्रे जुळवावी लागली आणि मुख्यमंत्र्यांच्या कन्या के. कविता तेथे पराभूत झाल्या. संघटित रोष वर्गणी काढून अनामत भरतो. हौशी मनुष्य खिशातून भरतो. या दोघांना न अडवणारी भिंत कोणाला अडवते, हा प्रश्न संसदेत फारसा कोणी विचारलेला नाही. रंगस्वामींसारखा एकांडा आणि मर्यादित साधनांचा उमेदवारच तेवढा उरतो.

ब्रिटननेही १९८५ मध्ये अनामत १५० पौंडांवरून ५०० वर नेली. पण त्याच वेळी ती वाचवण्यासाठी लागणाऱ्या मतांचे प्रमाण साडेबारा टक्क्यांवरून पाचवर आणले. आपण रक्कम वाढवली आणि एकषष्ठांश मतांची अट जशीच्या तशी ठेवली. विधी आयोगाने तर २०१५ च्या २५५व्या अहवालात अपक्षांना निवडणूक लढवू देऊ नये, अशीच शिफारस केली. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही. उतरली तर एकट्या माणसाला उभे राहण्यासाठी आधी पक्ष काढावा लागेल.

आणि पक्ष काढणेही आता पूर्वीइतके निर्धास्त राहिलेले नाही. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांची संख्या २,८५४ वर गेली होती. त्यांतील अनेक पक्षांचा निवडणुकीपेक्षा देणग्यांवरील करसवलतीशी अधिक संबंध असल्याचा संशय जुना आहे. निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि पुढच्याच महिन्यात आणखी ४७४ पक्ष यादीतून वगळले. निकष साधा होता: सलग सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणे. किती मते पडली, अनामत वाचली की गेली, याची चौकशी या निकषात नाही.