मौजे माहुली

आसनगाव स्थानकावरून शहापूर तालुक्यातील मौजे माहुलीकडे निघाले, की पळसगड, माहुली व भंडारगड अशा तीन भागांत विभागलेला विस्तीर्ण गड आणि त्याला लागून उभे असलेले नवरा, नवरी, भटजी हे सुळके (लग्नाची सारी सिद्धता सह्याद्रीनेच केलेली!) दृष्टीस पडतात. मोगल आणि आदिलशाही फौजा पाठीवर असता, पोर्तुगिजांनीही आश्रय नाकारल्यावर, बालवयीन निजामशहाला घेऊन शहाजीराजांनी १६३६ मध्ये याच गडाचा आसरा घेतला. परंतु वेढा आवळला गेला आणि निजामशाही संपुष्टात आली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये मोगलांकडे गेलेला हा गड १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला. गडाभोवतीची दाट झाडी आता तानसा अभयारण्यात मोडते.