ठोकळे, फ्लोट आणि गच्चीवरची टाकी

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्यांना पाण्याच्या टाकीविषयी वेगळे सांगायला नको. उल्हासनगरला बारवी धरणाचे पाणी एमआयडीसीमार्फत येते, बदलापूरला उल्हास नदीवरच्या बंधाऱ्यातून. पण खालच्या टाकीत आलेले पाणी गच्चीवर चढवायला मोटर लागते आणि ती वेळेवर बंद करणारा माणूसही लागतो. त्याचा डोळा लागला की गच्चीवरून धबधबा सुरू!

आमच्या इमारतीतला नववीतला एक मुलगा म्हणाला, "काका, टाकी भरली तर मोटर बंद, नाहीतर चालू. एवढंच ना?" लॅमिंग्टन रोडवरून त्याने आर्डुइनो नावाचा हाताच्या पंजाएवढा बोर्ड आणला होता. इटलीत २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला हा बोर्ड. त्याच्या 'उनो' या प्रकारात ३२ किलोबाइट जागा असते, तेवढ्यात आपला प्रोग्राम बसवायचा. मात्र तो इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो आणि एक अर्धविराम राहिला तरी संगणक तक्रारींची यादी पुढे करतो. तीही इंग्रजीत. पोराचा उत्साह तिथेच संपतो.

यावरचा उपाय म्हणजे ठोकळे. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली मुलांसाठी 'स्क्रॅच' आणले, गूगलने २०१२ साली 'ब्लॉकली' दिले. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, ते माऊसने ओढून एकमेकांत अडकवायचे. जो ठोकळा जिथे शोभत नाही तो तिथे बसतच नाही, त्यामुळे व्याकरणाची चूक करायची सोयच उरत नाही. ब्लॉकली हे तयार साधन नव्हे, साधन बनवण्याचे सामान आहे. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन विभागात वर्षे काढली. निवृत्तीनंतर हातात वेळ होता, म्हणून म्हटले, या सामानातून आपल्या मुलांसाठी मराठी ठोकळे करून पाहू.

आतली यंत्रणा फार गूढ नाही. प्रत्येक ठोकळ्यामागे एक छोटा लेखनिक बसवायचा. 'दिवा चालू कर' हा ठोकळा दिसला की तो त्या अर्थाची एक ओळ लिहून देतो. ठोकळ्याच्या पोटात दुसरा ठोकळा असेल तर आधी त्याच्याकडून उत्तर घेतो आणि कंसात टाकतो. सगळ्या ओळी जमल्या की तो मजकूर कंपायलरकडे जातो, तिथून निघालेले यंत्रभाषेतले आकडे यूएसबीच्या वायरीने बोर्डात उतरतात. यानंतर वायर काढली तरी बोर्ड आपले काम करत राहतो. दुसरीही एक पद्धत आहे. पवईच्या आयआयटीतल्या 'फॉसी' गटाने 'सायलॅब' या मोफत प्रणालीतून, तिच्या 'एक्सकॉस' नावाच्या चौकटींच्या आराखड्यातूनही, आर्डुइनो चालवण्याची सोय केली आहे. तिथे विचार संगणक करतो आणि बोर्ड फक्त हुकूम पाळतो. प्रयोगशाळेत ते उत्तम. गच्चीवर मात्र संगणक ठेवता येत नाही, म्हणून मी पहिली वाट धरली.

खरी मेहनत मराठीने करायला लावली. इंग्रजीत क्रियापद आधी, आपल्याकडे शेवटी. 'थांब ५ सेकंद' असे कोणी बोलत नाही, आपण '५ सेकंद थांब' म्हणतो. सुदैवाने आकड्याची खाच वाक्यात कुठेही नेता येते. पण लिंगाचे काय? 'जर बटण दाबलेले असेल' हे ठीक आहे. यादीतून बटणाऐवजी 'कळ' निवडली की 'दाबलेली' हवे. शेवटी 'दाबून आहे' असे लिहून सुटका करून घेतली. मुलाने एखाद्या आकड्याला 'टाकी' नाव दिले तर या बोर्डाच्या कंपायलरला ते वाचता येत नाही. ब्लॉकलीचा तयार तोडगा प्रत्येक अक्षराचे सांकेतिक आकडे करून टाकतो, त्याचा मजकूर माणसाला वाचवत नाही. म्हणून नावे रोमन अक्षरांत आणणारा तुकडा मी वेगळा लिहिला. ठोकळ्यांशेजारी तयार होणारा मजकूर दिसलाच पाहिजे, असा माझा हट्ट होता. ठोकळे म्हणजे शिडी आहे, कोणी तिच्यावरच संसार थाटू नये.

आता त्या मुलाचा प्रोग्राम. 'फ्लोट वर असेल तर मोटर बंद, नाहीतर चालू.' आम्ही मोटरीऐवजी रिले आणि बझर लावला, कारण २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. फ्लोट बादलीत सोडला. पाणी काठाशी आले, हलले, आणि रिले टकटकटक करू लागला. लाटेबरोबर फ्लोट वरखाली, त्याबरोबर मोटर चालू-बंद. खरी मोटर असती तर जळायला वेळ लागला नसता. गंमत म्हणजे प्रोग्रामात चूक एकही नव्हती. ठोकळे व्याकरण सांभाळतात, विचार सांभाळत नाहीत.

उत्तर आमच्याच जिन्याखाली होते. मोटरच्या स्टार्टरवर हिरवे बटण दाबून सोडले तरी मोटर चालूच राहते, कारण आतला होल्डिंग कॉन्टॅक्ट स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण दाबले की ती पकड सुटते. कारखान्यातले इलेक्ट्रिशियन हे शिडीसारख्या आकृतीत काढत. जनरल मोटर्सने १९६८ साली रिलेंच्या जंजाळाला पर्याय मागितला आणि १९६९ च्या सुमारास डिक मॉर्ली यांच्या गटाचा 'मॉडिकॉन ०८४' आला, तेव्हा प्रोग्रामची भाषा म्हणून तीच शिडी ठेवली गेली. तारा जोडणाऱ्या माणसाला नवी लिपी शिकायला लागू नये, हा हेतू. एमआयडीसीतले पीएलसी आजही शिडी वाचतात. चित्रांनी प्रोग्राम करणे हे मुलांचे खूळ नव्हे, ते असे.

मग आम्ही दोन फ्लोट घेतले. 'खालचा लोंबकळत असेल तर मोटर चालू.' 'वरचा तरंगत असेल तर मोटर बंद.' दोन वेगळे 'जर', आणि 'नाहीतर' कुठेच नाही. मधल्या पातळीवर कोणीच काही सांगत नाही, म्हणून जे चालले आहे तेच चालू राहते. हे कळल्यावर पोराचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक फजिती माझीही. बझर वाजताना मध्ये '५ सेकंद थांब' होते. त्या पाच सेकंदांत बोर्ड खरोखरच थांबतो, फ्लोटकडेही बघत नाही! म्हणून 'दर ५ सेकंदांनी' असा नवा ठोकळा केला. तो न थांबता घड्याळ बघत राहतो. हे घड्याळ मिलिसेकंद मोजते आणि सुमारे ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येते. वेळांची थेट तुलना केली तर त्या क्षणी गणित कोलमडते, आताच्या वेळेतून मागची वेळ वजा केली तर कोलमडत नाही. हे मुलाला माहीत असायची गरज नाही, ठोकळा बनवणाऱ्याला मात्र हवे.

मोटर आमच्याकडे अजून हातानेच बंद होते. बझर तेवढा वाजतो, आणि वॉचमन उठतो.