ग्वाल्हेरची जुनी फटफटी

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ दिवेलागणीला आमच्याकडे आले आणि ओट्यावर टेकता टेकताच म्हणाले, “तुम्ही एवढे ग्वाल्हेरपर्यंत जाऊन या. पोरगा काही केल्या ऐकत नाही.” पोरगा बावीस वर्षांचा. त्यास मातीच्या शर्यतींचा नाद. ग्वाल्हेरच्या एका विक्रेत्याकडे शर्यतीसाठी तयार केलेली जुनी यामाहा आरएक्स १०० आहे, ती तो एक लाख ऐंशी हजारांस देतो आहे, आणि पैसे बापाने भातशेतीचा एक तुकडा गहाण टाकून उभे करावयाचे, असा सारा बेत. आम्हांला मोटारींतले फारसे कळत नाही. परंतु कागदपत्रे वाचता येतात, एवढ्याच भांडवलावर आम्ही निघालो.

चिखल, चढउतार आणि उड्या यांतून फटफटी हाकण्याच्या या खेळाचा उगम १९२४ साली इंग्लंडातील कॅम्बरली येथे झाला, असे मानतात. पुढे त्यास मोटोक्रॉस हे नाव पडले. आपल्याकडे पुणे-नाशिकच्या बाजूसही अशा शर्यती झाल्या आहेत. परदेशी खास गाड्या परवडत नसल्याने आपल्याकडील हौशी तरुण रस्त्यावरच्याच टू-स्ट्रोक गाड्या सोलून, दिवे काढून, इंजिनात फेरफार करून मैदानात उतरवीत. आरएक्स १०० ही त्यांतील लाडकी. १९८५ ते १९९६ या काळात ती आपल्या देशात बनली. इंजिन अवघे ९८ सीसीचे आणि ताकद अकरा अश्वशक्तीची, पण अंगाने हलकी. आता ती बनत नाही. म्हणूनच तिचा भाव चढला आहे.

ग्वाल्हेरास आम्ही लष्कर भागातील एका मराठी कुटुंबात उतरलो. शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेली ही घराणी; घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडले की हिंदी. मेळ्याचे दिवस होते. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आरंभी गुरांचा होता. आज त्याची ख्याती मोटारगाड्यांसाठी आहे. सरकार मंजुरी देते त्या वर्षी मेळ्यात घेतलेल्या नव्या गाडीवर रस्ता-करात निम्मी सूट मिळते. मग नवी घेणारे घरातली जुनी विकावयास काढतात, असे आमच्या यजमानांनी सांगितले. एके काळी बैलाचे दात पाहणारे डोळे आता टायर पाहतात, एवढाच काय तो फरक!

विक्रेता गोड बोलणारा होता. गाडीला तो वारंवार ‘विंटेज’ म्हणे. आम्ही त्यास नम्रपणे सांगितले की, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, आणि सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडीच त्या नावाने नोंदविता येते. म्हणजे ही गाडी वयानेही बसत नाही आणि इंजिनानेही नाही. तो हसला. “नियम कागदावर, साहेब. आवाज ऐका,” असे म्हणून त्याने किक मारली.

आवाज खरोखर विलक्षण होता. मुलाचे डोळे चमकले, ते आम्ही पाहिले.

यजमानांनी ओळखीचा एक वृद्ध मेस्त्री आणला होता. त्याने आम्हांस जे समजाविले ते येथे सांगण्याजोगे आहे. टू-स्ट्रोक इंजिनात वर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन खाली-वर होताना त्या उघडतो, मिटतो. कानशीने या खिडक्या रुंद केल्या की इंजिन वरच्या वेगात सुसाट धावते, परंतु संथ चालीतला जोर गमावते आणि पेट्रोल अधिक पिते. शिवाय घासलेली धातू परत येत नाही. सायलेन्सराची गोष्ट तर याहून मौजेची. त्याचा पोटाळ आकार धुराची लाट उलट फिरवितो आणि निसटू पाहणारे ताजे पेट्रोल-मिश्रण पुन्हा आत ढकलतो. ही विद्या पूर्व जर्मनीतील वॉल्टर काडेन यांनी एमझेड कारखान्यात सिद्धीस नेली. १९६१ साली त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीनंतर पळून गेला आणि ती विद्या जपानच्या सुझुकीस मिळाली. पुढल्याच वर्षी सुझुकीवर बसून तो ५० सीसी गटात जगज्जेता झाला. तेव्हा इंजिनाच्या गुपितांचा सौदा काही ग्वाल्हेरात सुरू झालेला नाही.

मेस्त्र्याने हेड उतरविण्याची परवानगी मागितली. विक्रेता कुरकुरला, अखेर तयार झाला. आरएक्स १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर असावयास हवा. मेस्त्र्याच्या मापणीत तो अठ्ठावन्नाहून किंचित अधिक भरला. “हा आरएक्स १३५ चा सिलिंडर,” तो म्हणाला. नोंदणीपुस्तकात ९८ सीसी, पोटात १३२! मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असा बदल करू देत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बंदिस्त मैदानावर ती खुशाल धावो. मुलाचा मनसुबा मात्र तिच्यावरून रोज बाजारात जाण्याचाही होता.

तरी तो हट्टास पेटला होता. तेव्हा आम्ही नोंदणीपुस्तक मागून घेतले. नाव तिसऱ्याच माणसाचे. मधल्या दोन मालकांनी गाडी नावावर करून न घेता, सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० केवळ हातोहात पुढे दिले होते. पत्ता लष्करातलाच होता. चालत जाऊन आलो.

दार एका ऐंशीच्या घरातल्या निवृत्त कारकुनांनी उघडले. मराठीच होते. “फटफटी? ती मी केव्हाच विकली हो,” ते म्हणाले. आम्ही त्यांना समजाविले की, सरकारदरबारी ती आजही त्यांचीच आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे की, मधे कितीही हात बदलले तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येते. वृद्धांचा हात कापू लागला. आतून त्यांच्या पत्नीने पाणी आणले. “अगं, ती आपल्याच नावावर आहे म्हणतात,” एवढेच ते तिला म्हणाले.

मुलगा इतका वेळ उंबऱ्याशी उभा होता. तो पुढे आला आणि म्हणाला, “आजोबा, उद्या कचेरी उघडली की मी तुम्हांला घेऊन जातो. लेखी कळवून पोच घेऊ.” मध्य प्रदेशाच्या परिवहन आयुक्तांचे मुख्य कार्यालय भोपाळात नसून ग्वाल्हेरातच आहे, हे आम्हांस तेव्हाच कळले; परंतु आमचे काम प्रादेशिक कचेरीतच होते. दोन दिवस त्यात गेले. विक्रेत्यास मुलाने स्वतःच निरोप धाडला.

पंजाब मेलमध्ये तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसला होता. भुसावळ गेल्यावर म्हणाला, “काका, जव्हारच्या बाजूला एकाकडे जुनी यझदी आहे म्हणे. कागद पहिल्या मालकाचेच आहेत.” आम्ही डबा उघडला आणि त्याच्यापुढे सरकविला.