पलंगाखालचा हायड्रोजन

नाशिकच्या एका वाचकांनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली आहे. पलंग, छोटा ओटा, फ्रिज, छतावर सोलर पॅनेल, आणि हा सगळा संसार चालवायला पलंगाखालच्या खणात १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या. काम करणाऱ्या कारागिराने त्यांना सांगितले, ‘घरोघरी इन्व्हर्टरची बॅटरी हॉलमध्येच असते, कुठे काय होतं?’ पण दिवसभर गाडी चालवून रात्री पाठ टेकली की गादीखालून नासक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास धोक्याचा आहे का आणि खणाच्या फळीला चार भोके पाडली तर भागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले. हौसेने गाडी बांधून घेणारेही आता बरेच दिसतात. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा एखादा सेल बिघडला किंवा ती मर्यादेबाहेर चार्ज होत राहिली की तो येतो. वायू विषारी आहे, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, म्हणजे वास थांबला तरी धोका टळलेला नसतो. पण मला जास्त काळजी त्याच्या सोबत्याची वाटते. ज्या बॅटरीतून हा वास येतो, तिच्यातून हायड्रोजन भरपूर निघत असणार, आणि हायड्रोजनला वास नाही, रंग नाही.

किती निघतो याचा हिशेब मायकेल फॅरडेने १८३४ मध्येच करून ठेवला आहे. बॅटरी भरल्यानंतर आत ढकललेली वीज पाणी फोडण्यात खर्च होते, आणि प्रत्येक सेलमागे दर अँपिअर-अवरला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन सुटतो. आता नाशिकच्या गाडीकडे बघू. दिवसभर महामार्गावर इंजिन चालू आहे, बॅटऱ्या केव्हाच भरल्या आहेत, पण आल्टरनेटर दहा अँपिअर ढकलतोच आहे. दोन्ही बॅटऱ्यांना पाच-पाच, प्रत्येकीत सहा सेल. तासाला २५ लिटर हायड्रोजन. पलंगाखालच्या खणात सामान आणि बॅटऱ्या वगळता समजा ४०० लिटर मोकळी जागा आहे. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की मिश्रण पेट घेऊ शकते. ४०० लिटरचे ४ टक्के म्हणजे १६ लिटर. खण बंद असेल तर ही मर्यादा चाळीस मिनिटांच्या आत गाठली जाते. मे महिन्यात तर आणखी लवकर, कारण बॅटरी तापली की त्याच व्होल्टेजला ती जास्त विद्युतप्रवाह ओढते.

कारागिराचा घरच्या इन्व्हर्टरचा दाखला इथेच कोसळतो. दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे ३४,००० लिटर हवा असते, दारे-खिडक्या असतात, पंखा फिरत असतो. खणात यातले काहीच नाही. शिवाय खणात इन्व्हर्टरही असतो, आणि त्याच्या रिलेत ठिणगी उडते. हायड्रोजन पेटायला ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. स्वयंपाकाच्या गॅसला लागते त्याच्या साधारण दहावा भाग.

स्वयंपाकाच्या गॅसचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी, कारण कॅम्परमध्ये सिलिंडरही असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. हायड्रोजन हवेच्या चौदापट हलका, तो वर चढून आढ्याशी जमतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला झरोका तळाशी हवा आणि बॅटरीच्या कप्प्याला माथ्याशी. दोन्ही एकाच कप्प्यात ठेवून मध्यावर एक जाळी मारलेली गाडी मी पाहिली आहे. ती जाळी दोघांच्याही कामाची नव्हती.

बॅटरी आणि तिची पेटी यांचा विचार वेगवेगळा केला की काय होते, हे सर्वांत आधी पाणबुडीवाल्यांना कळले, आणि ते फार महागात पडले. २५ मार्च १९१५ रोजी अमेरिकन नौदलाची एफ-४ ही पाणबुडी होनोलुलूजवळ बुडाली. आतले सर्व २१ जण गेले. चौकशी मंडळाने जो निष्कर्ष काढला तो पेटीकडे बोट दाखवणारा होता. बॅटरीच्या टाकीला शिशाचे अस्तर होते, ते खाल्ले गेले असावे आणि समुद्राचे पाणी झिरपत बॅटरीच्या कप्प्यात शिरले असावे. आम्लाच्या बॅटरीत खारे पाणी गेले की क्लोरीन सुटतो, आणि पाणबुडीवाल्यांना सर्वांत जास्त भीती त्याचीच असे.

थॉमस एडिसनची निकेल-लोखंडाची बॅटरी नेमकी याच वेळी नौदलाच्या दारात उभी होती. तिच्यात आम्ल नाही, अल्कली आहे. त्यामुळे क्लोरीनचा प्रश्नच नाही. एडिसन तेव्हा नौदलाच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते आणि त्यांचे मुख्य अभियंता मिलर रीझ हचिसन या बॅटरीचा जोरदार प्रचार करत होते. सुरक्षित बॅटरी म्हणून ती ई-२ या पाणबुडीत बसवली गेली. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत काम चालू असताना ई-२च्या पोटात स्फोट झाला. माणसे मेली, अनेक जखमी झाली. कारण हायड्रोजन. निकेल-लोखंडाची बॅटरीही हायड्रोजन सोडते, आणि पाणबुडीच्या पोटात त्याला बाहेर जायला पुरेशी वाट नव्हती. एडिसनच्या बाजूने बचाव झाला की दोष वायुवीजनाचा आहे, बॅटरीचा नाही. मला हा बचाव मुळातच चुकीचा वाटतो. बंद जागेत बसवायची बॅटरी विकणाऱ्याने वाऱ्याची वाटही विकली पाहिजे. एका धोक्यातून सुटका झाली म्हणून वस्तूला सरसकट ‘सुरक्षित’ म्हणण्याची सवय तेव्हाही होती आणि आजच्या बॅटरीच्या जाहिरातींतही आहे.

‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीचेच घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गेट्स रबर कंपनीत जॉन डेव्हिट आणि डोनाल्ड मॅक्लेलंड यांनी आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून ठेवण्याची युक्ती काढली. हीच एजीएम बॅटरी. रबराच्या कारखान्यात बॅटरीतली एवढी मोठी सुधारणा व्हावी, याचे मला अजून अप्रूप वाटते. या चटईतून ऑक्सिजन पलीकडच्या पट्टीपर्यंत पोहोचतो, त्याचे पुन्हा पाणी होते आणि हायड्रोजन जवळपास निघतच नाही. बॅटरी नीट चार्ज होत आहे तोवर हे सारे खरे. चार्जर बिघडला तर आत दाब वाढतो आणि झडप उघडते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी. हायड्रोजन तेव्हाही त्याच खणात येतो. म्हणजे एजीएम किंवा जेल बॅटरीला वारा कमी लागतो, पण लागतो.

आता लिथियम. नव्या कॅम्परमध्ये बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते आणि ती शिसे-आम्लापेक्षा कितीतरी चांगली आहे, यात मला शंका नाही. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोत मिळते, आणि रोजच्या वापरात ती वायू सोडत नाही. या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे बॅटरी तापली तरी तो सहजी सुटून आगीला हातभार लावत नाही. हा शोध सांगताना जॉन गुडइनफ यांचे नाव घेतले जाते. ते थोर होतेच, २०१९चे नोबेल त्यांना वयाच्या ९७व्या वर्षी मिळाले. पण १९९७ च्या त्या मूळ शोधनिबंधावर पहिले नाव अक्षय पाढी यांचे आहे आणि त्यापाठोपाठ नंजुंडस्वामी यांचे. गुडइनफ यांचे तिसरे. टेक्सास विद्यापीठातल्या गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत ऑलिव्हिनच्या रचनेचे लोह फॉस्फेट लिथियमला सहज आत-बाहेर करू देते हे पाढींच्या हातून सिद्ध झाले. आज जगभर बस, व्हॅन आणि घरांच्या भिंतींवर त्यांची ही बॅटरी काम करते आहे, आणि आपल्याकडच्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्यांचे नाव शोधूनही सापडत नाही. ते यायला हवे.

मात्र ‘लिथियमला झरोका लागतच नाही’ हे विक्रेत्यांचे वाक्य मला मान्य नाही. आतला विद्राव ज्वलनशील असतो. सेल दुखावला, चेपला किंवा बेफाम चार्ज झाला तर तोही वायू ओकतो, आणि आयर्न फॉस्फेटच्या सेलमधून निघणाऱ्या वायूत हायड्रोजनचा वाटा मोठा असतो. आग लागण्याची शक्यता कमी, पण साचलेल्या वायूचा भडका उडण्याची शक्यता शिल्लक आहेच. या बॅटरीची दुसरी अडचण थंडीची. शून्य अंशाखाली ती चार्ज केली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची खराब होते. लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी ती गाडीच्या उबेतच ठेवावी, मात्र धातूच्या पेटीत, आणि पेटीतून बाहेर जाणारी नळी असावी.

तर पेटी कशी असावी? उदाहरण रस्त्यावरच आहे. मालट्रकची बॅटरी बघा. केबिनमागे, चासीला बाहेरच्या अंगाने लावलेल्या लोखंडी पेटीत ती असते, वरून आडवी पट्टी आणि दोन बाजूंना लांब बोल्ट. वारा मोकळा, आम्ल सांडले तर रस्त्यावर, आणि केबिनशी संबंध फक्त केबलपुरता. व्हॅनच्या आत ठेवायचीच असेल तर हीच रचना आत आणायची. पेटीचा गाडीच्या आतल्या हवेशी संबंध नको, म्हणजे झाकणाला रबराची पट्टी हवी, आणि तिचे दोन्ही झरोके थेट गाडीबाहेर उघडायला हवेत: एक तळाशी, हवा आत येण्यासाठी, आणि एक अगदी माथ्याशी, हायड्रोजन जाण्यासाठी. अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशा फिरत्या घरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात वरच्या आणि खालच्या झरोक्याचे क्षेत्रफळ किमान ११०० चौरस मिलिमीटर सांगितले आहे, म्हणजे सुमारे ३७ मिलिमीटर व्यासाचे भोक. दीड इंची पाइप पुरतो. वरची नळी बाहेर पडेपर्यंत चढतीच हवी, मध्ये खाली वळवली की हायड्रोजन तिथे अडकतो. ठिणगी उडणारे काहीही त्या पेटीत नको, इन्व्हर्टर तर नाहीच. बॅटरीखाली आम्ल झेलणारा प्लास्टिकचा ट्रे हवा, आणि पॉझिटिव्ह केबलला बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ फ्यूज. ट्यूब्युलर बॅटरी ५०-६० किलोची असते. ती पट्ट्याने चासीला किंवा जमिनीच्या लोखंडी अँगलला बांधलेली हवी, प्लायवूडला मारलेले स्क्रू अचानक ब्रेक लागला की उपटून येतात.

एक उपयोगी गोष्ट आणखी. कॅम्परमध्ये झोपणाऱ्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावाच. त्याच्या आतल्या बहुतेक सेन्सरना हायड्रोजनही जाणवतो. गॅस बंद, इंजिन बंद आणि तरी अलार्म वाजला तर तो बिघडला म्हणून काढून ठेवू नका, आधी बॅटरी बघा.

नाशिकच्या वाचकांना उत्तर असे: खणाच्या फळीला भोके पाडू नका, त्यातून तो वायू तुमच्या झोपण्याच्या जागेतच येईल. आजच दारे उघडा, गाडी हवेशीर करा आणि चार्जिंग बंद करा. मग दोन्ही बॅटऱ्या काढून प्रत्येक सेल तपासून घ्या, चार्जिंगचे व्होल्टेज मोजून घ्या, आणि बाहेर उघडणारी पेटी तयार होईपर्यंत त्या गाडीत कुणालाही झोपू देऊ नका.