सोल्डरिंगचा धूर: लगेच काय होतं, नंतर काय होतं?
व्हिडिओ बघून घरीच चार्जिंग पोर्ट बदलताय? मग सोल्डरिंगचा पांढरा धूर आधी समजून घ्या. बहुतेकांना वाटतं तो शिशाचा असतो. तसं नाही. ३५० अंश सेल्सिअसला शिसं जवळपास उडतच नाही. धूर असतो फ्लक्समधल्या राळेचा. त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो. मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. पण दुकानात बसून रोज तोच धूर घेतला तर दमा जडू शकतो.

शिसं मात्र बोटांवरून पोटात जातं. ६०/४० सोल्डर वायरमध्ये ते ४० टक्के असतं! रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे वडापाव साबणाने हात धुतल्यावरच. आणि वायर दातांत धरायची सवय? ती आजच सोडा.