नवाहोंच्या दारातला जुगार

अमेरिकेत आदिवासी जमातींच्या मालकीची पाचशेहून जास्त जुगारगृहं आहेत. 2023 च्या आर्थिक वर्षात त्यांची कमाई 42 अब्ज डॉलरच्या घरात गेली. तरीही तिथल्या सर्वांत मोठ्या राखीव प्रदेशाने, नवाहो नेशनने, 1994 आणि 1997 अशा दोन सार्वमतांत कॅसिनो नाकारला. पुढे नवाहो सरकारने धोरण बदललं आणि 2008 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावाजवळ 'फायर रॉक' उभा राहिला. कॅसिनो आला म्हणून वाद संपला, असं मात्र झालं नाही.

जमातींनाच परवानगी कशी?

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कॅबेझॉन नावाची छोटीशी जमात बिंगो आणि पत्त्यांचा क्लब चालवत होती. राज्याने तो बंद करायचा प्रयत्न केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1987 मध्ये निकाल जमातीच्या बाजूने लागला: राज्यात जुगारावर सरसकट बंदी नसेल, तर जमातीच्या जमिनीवर राज्याचे जुगार-नियम लादता येणार नाहीत. या निकालाला चौकट घालण्यासाठी 1988 मध्ये संसदेने कायदा केला. स्लॉट मशीनसारख्या जुगारासाठी जमातीला राज्याशी करार करावा लागतो. नफा जमातीचा कारभार, लोककल्याण, आर्थिक विकास, दानधर्म किंवा स्थानिक संस्थांना मदत एवढ्यावरच खर्च करता येतो. मालक खाजगी शेठ नसून जमातीचं सरकार आहे, हा या धंद्यातला मोठा फरक.

जुगाऱ्याची गोष्ट

नवाहोंच्या विरोधामागे एक जुनी कथा आहे. दक्षिणेकडून एक जुगारी न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यात आला. त्याने लोकांची मालमत्ता जिंकली, मग बायकामुलं, शेवटी खुद्द माणसं. त्या गुलामांकडून त्याने मोठमोठे वाडे बांधून घेतले. महाभारतातलं द्यूत आपल्याला आठवणारच; पण इथे लबाडी सज्जनांच्या बाजूने आहे. देवांनी पाठवलेला तरुण खेळायला बसतो, छतात लपलेलं वटवाघूळ जुगाऱ्याच्या सोंगट्या वरच्यावर झेलतं आणि जिंकणाऱ्या सोंगट्या खाली टाकतं. हरलेल्या जुगाऱ्याला धनुष्याला लावून आकाशात सोडून दिलं जातं. मी परत येईन, असं तो बजावून गेला, अशीही कथा सांगतात. कॅसिनो म्हणजे तोच परत आला, हा युक्तिवाद त्यामुळे नवाहोंना परका वाटत नाही.

पण पैज लावणंही त्यांना परकं नाही. हिवाळ्याच्या रात्री खेळायचा 'जोड्यांचा खेळ' पवित्र मानतात. एका जोड्यात गोळा लपवायचा, दुसऱ्या बाजूने तो ओळखायचा आणि युक्का वनस्पतीच्या 102 काड्यांवर गुण मोजायचे. हिवाळा सरला की खेळ बंद. कॅसिनोला ऋतू नसतो.

पोटाचा प्रश्न

जवळपास 70,000 चौरस किलोमीटरचा प्रदेश, वर्षानुवर्षं 40 टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारी बेरोजगारी आणि बराच काळ मुख्यतः कोळशावर उभं असलेलं सरकारी उत्पन्न. कोळशाचा भरवसा किती, हे 2019 मध्ये कळलं. नवाहो वीजकेंद्र आणि त्याला कोळसा पुरवणारी कायेंटा खाण, दोन्ही बंद पडली. गावातली मुलगी कॅसिनोत कॅशियर म्हणून लागली तर तिला फिनिक्ससारखं दूरचं शहर गाठावं लागत नाही, या समर्थकांच्या म्हणण्यात खोट काढणं कठीण आहे. पण हाही आधार पक्का नाही. करोनात, मार्च 2020 पासून जवळजवळ वर्षभर नवाहोंचे कॅसिनो बंद होते.

अभ्यास काय सांगतात?

दोन्ही बाजूंना आपापलं काही ना काही सापडतं. 2002 मध्ये इव्हान्स आणि टोपोलेस्की या अर्थतज्ज्ञांना दिसलं, की कॅसिनो उघडल्यावर चार वर्षांत जमातींमधला रोजगार 26 टक्क्यांनी वाढला. त्याच वेळी कॅसिनो असलेल्या काउंटींमध्ये दिवाळखोरी आणि हिंसक गुन्हे सुमारे 10 टक्क्यांनी वाढले. नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी जमातीने नफ्यातला वाटा घरोघर दिला. तिथे जेन कॉस्टेलो यांच्या पाहणीत गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचं बेशिस्त, आक्रमक वागणं कमी झालं होतं. चिंता आणि नैराश्य मात्र होतं तेवढंच राहिलं. म्हणजे भलं केलं ते घरात आलेल्या पैशाने. तो जुगारातूनच यायला हवा होता असं नाही.

यंत्राचं गणितही पाहून ठेवावं. समजा, यंत्र प्रत्येक पैजेतले 8 टक्के ठेवून घेतं. एक डॉलरची पैज आणि तासाला 600 फेऱ्या, म्हणजे सरासरीने तासाला 48 डॉलर गेले. मधूनमधून जिंकणारा खेळाडू हा हिशेब मांडत नाही.

पैसा कोणाच्या खिशातला?

माझ्या मते सगळा वाद इथे येऊन ठेपतो. 2013 मध्ये ॲरिझोनात उघडलेला नवाहोंचा 'ट्विन ॲरोज' कॅसिनो महामार्गालगत, फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला आहे. ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरच्या प्रवाशाने तिथे शंभर डॉलर घालवले तर जमातीत बाहेरचा पैसा आला. गॅलपची गोष्ट वेगळी. शनिवार-रविवारी किराणा, चारा, गाडीचे सुटे भाग घ्यायला आसपासचे नवाहो तिथेच येतात. त्यांनी फायर रॉकमध्ये पगार उडवला, तर एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातल्यासारखं होतं, आणि पहिला खिसा गरिबाचा.

गोव्याने यावर सोपा तोडगा काढला: मांडवीतल्या जहाजांवरच्या कॅसिनोत गोंयकाराला खेळायला मनाई. कॅसिनोचा मालकच जमात असेल, तर आपल्याच लोकांना दारात अडवणं अवघड जातं, हे मान्य. पण हिशेब मागता येतो. खेळाडू सदस्य-कार्ड वापरतात, त्यामुळे कोण कुठून आला आणि किती हरला, याची नोंद कॅसिनोकडे असते. नावं नकोत; हरलेल्या रकमेत नवाहोंचा वाटा किती, एवढा एक आकडा दर वर्षी गावोगावच्या चॅप्टरसभेत, म्हणजे नवाहोंच्या ग्रामसभेत, मांडला जावा. नवा कॅसिनो मागणाऱ्यांनी आधी तो आकडा दाखवावा.